ग्रहांना दुसरा उद्योग नाही का?

कुंडलीला घरं बारा. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ दिसला की पत्रिका मंगळाची. बारांतली पाच, म्हणजे शेकडा जवळजवळ बेचाळीस. दक्षिणेकडे दुसरं घरही धरतात. तिथे थेट निम्मी जनता मंगळाची. आता शनी घ्या. आपल्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास एवढा प्रवास तो करतो तोवर साडेसाती. बारांतल्या तीन राशी. म्हणजे कधीही मोजा, पाव देश साडेसातीत. चौथ्या आणि आठव्या शनीची पनवती धरली तर आणखी दोन राशी आल्या. मंगळ आणि शनी या दोघांच्याही तावडीतून सुटणारे भाग्यवंत शंभरात ढोबळमानाने चौतीस. त्यांनीही फार हुरळून जाऊ नये. त्यांच्यासाठी कालसर्प योग आणि पितृदोष राखून ठेवलेले आहेत.

आजार शंभरातल्या सहासष्टांना होणार, निदान करणारा आणि औषध विकणारा एकच, आणि बरं वाटलं की नाही हेही तोच सांगणार: असला दवाखाना गल्लीत निघाला तर आपण दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाऊ. हाच दवाखाना आकाशाच्या नावाने निघाला की आपण चपला बाहेर काढून आत जातो, दक्षिणा पाकिटात घालून देतो आणि वर एक रुपयाचं नाणं न विसरता जोडतो.

मला तर या ग्रहांची कीव येते. मंगळ म्हणजे पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा, गंजक्या मातीचा थंडगार गोळा. कधी तो आपल्यापासून साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, कधी चाळीस कोटी. अंतर सातपट वाढलं तरी त्याचा कडकपणा तसूभर कमी होत नाही. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्याच्याभोवती बर्फाची कडी आहेत, शंभरावर चंद्र आहेत. एवढा पसारा मागे टाकून त्याचं लक्ष कुठे, तर सांगलीतल्या कोणाच्या तरी बढतीवर आणि चिंचवडमधल्या कोणाच्या तरी फ्लॅटच्या कर्जावर. यांना दुसरा उद्योग नाही का?

इथवर वाचून कोणीतरी म्हणणारच, "अहो, श्रद्धा असते एकेकाची. तुमचं काय जातं?"

माझं काही जात नाही. पण कोणाचं जातं, हे बघायला हवं.

आमच्या घरी संकष्टीला चंद्रोदय झाल्याशिवाय आजीचं पान वाढलं जात नसे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की ती कालनिर्णयात वेळ बघायची, त्या वेळेला पूर्वेकडे तोंड करून ढगांनाच नमस्कार करायची आणि मग मोदक. उपास आजीचा, पोट आजीचं. कोजागरीचं मसाला दूध, संक्रांतीचा तिळगूळ, भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो म्हणून रस्त्याने मान खाली घालून चालणं, यांनी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडलीच तर मान. या श्रद्धांवर मी शाई वाया घालवणार नाही. ज्याची श्रद्धा त्याच्याच खिशातून आणि त्याच्याच पोटातून तिचा खर्च निघत असेल, तर ती त्याची खासगी बाब.

माझं भांडण दुसऱ्या प्रकाराशी आहे. श्रद्धा एकाची, खर्च दुसऱ्याचा. आणि आकाशाच्या नावाने चाललेले आपले व्यवहार नीट तपासले तर तो दुसरा बहुतेक वेळा दुसरी निघते.

लग्नाच्या बैठकीतला मंगळ बघा. आमच्या ओळखीतली एक मुलगी, इंजिनियर, स्वतःच्या पायावर उभी. मुलाकडच्यांना ती पसंत, तिला मुलगा पसंत, दोघं बाहेर भेटून, बोलून आलेले. याद्या करायच्या म्हणून मंडळी जमली. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाच्या आत्याने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. चष्मा पदराला पुसत म्हणाली, "तसं आम्ही फार मानत नाही हो भाऊ, पण गुरुजी म्हणतात सातव्यात मंगळ आहे. मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे, नाहीतर आमची काही ना नव्हती." मुलीचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेले. ते म्हणाले, "शांत करून घेऊ ना, ताई. तुम्ही सांगाल तिथे." मुलगी रिकाम्या बशा उचलत होती. तिच्याच घरात, तिच्यादेखत, ती भावी नवऱ्याची मारेकरी ठरली होती आणि तिचा बाप आरोप फेटाळायचं सोडून जामिनाच्या अटी विचारत होता. मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याच्या पत्रिकेत काय आहे, हे त्या खोलीत कोणीही विचारलं नाही.

"आम्ही मानत नाही, पण" हे वाक्य मराठी मध्यमवर्गाने आपल्या दारावर पाटी करून लावावं. न मानणारे एवढे लोक एकत्र येऊन एवढं सगळं कसं काय पाळतात, हा खरा चमत्कार आहे.

मंगळावर भागत नाही. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली तर सासऱ्याला वाईट, आश्लेषावर जन्मली तर सासूला, ज्येष्ठावर जन्मली तर थोरल्या दिराला, विशाखावर जन्मली तर धाकट्याला. म्हणजे सासरच्या प्रत्येक माणसासाठी एकेक नक्षत्र नेमून दिलेलं आहे. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या नांगीतल्या चांदण्या. शेकडो प्रकाशवर्षांवर त्या धगधगताहेत आणि त्यांना सोलापुरातल्या एका निवृत्त सर्कल इन्स्पेक्टरच्या रक्तदाबाशी देणंघेणं आहे, असं आपण धरून चाललो आहोत. तो रक्तदाब चार दशकं तंबाखू मळून वाढलेला असतो. पण तंबाखूवर ठपका ठेवण्यापेक्षा नव्या सुनेवर ठेवणं सोपं. ती घरात नवी असते आणि उलट बोलत नाही.

बरं, ही भीती तरी खरी असावी? तीही नाही. मंगळ खरोखरच नवऱ्याचा जीव घेतो असं वाटत असेल, तर माणूस त्याच्याशी तडजोड करणार नाही. आपल्याकडे मात्र तडजोडींचं दरपत्रक तयार असतं. मुलाच्या पत्रिकेतही मंगळ असला की दोघांचा मिळून दोष उडतो. मंगळ स्वराशीत असला की तो सौम्य. अठ्ठावीस वर्षं उलटली की त्याचा जोर ओसरतो. तेही जमलं नाही तर कुंभविवाह: मुलीचं लग्न आधी मातीच्या घड्याशी लावायचं, मग घड्याचं विसर्जन करायचं, म्हणजे वैधव्य उरकलं. शिकलीसवरली माणसं, व्हॉट्सॲपवर स्त्रीशक्तीच्या पोस्टी टाकणारी, स्वतःच्या लेकीला आधी विधवा करून मग बोहल्यावर चढवतात आणि याला दोष काढणं म्हणतात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय तर घरोघर चालतो. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. जन्मवेळ थोडी मागेपुढे सरकवली की मंगळ सातव्यातून उठून सहाव्यात जाऊन बसतो. अशी दुरुस्त केलेली पत्रिका देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला तिचा संशय असतो, आणि दोघंही हात जोडून तिच्यापुढे बसतात. देवाला फसवता येतं यावर ज्यांचा एवढा विश्वास आहे, त्यांना मी भाविक कसं म्हणू?

आता ग्रहणाकडे वळते.

ग्रहणाच्या दिवशी कुठल्याही बऱ्या वस्तीतल्या सोसायटीत चक्कर मारा. पिण्याच्या पाण्यावर तुळशीपत्र, दुधावर तुळशीपत्र, लोणच्याच्या बरणीवर, पिठाच्या डब्यात, फ्रीजमधल्या कणकेच्या गोळ्यावरसुद्धा तुळशीपत्र. आतल्या खोलीत पडदे ओढून सातव्या महिन्यातली सून बसवलेली. विळी, सुरी, कात्री, सुई तिच्या आसपास दिसता कामा नये. तिने काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, मोडायचं नाही. आडवं व्हायचं नाही. खायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, लघवीला उठायचं नाही. पंचांगवाल्यांनीही गरोदर बायका, मुलं, म्हातारे आणि आजारी यांना वेधांत सवलत दिलेली असते. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, त्याने गर्भाला काही होत नाही. पण घरातल्या पंचांपुढे पंचांगाचं काय चालतं?

कारण काय, तर तिने काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, कान तुटतो.

बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्यापर्यंत. बऱ्याच बायकांना तोवर आपल्याला दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात त्या बाळाचा ओठ जुळून कित्येक आठवडे लोटलेले असतात; सूर्यावर चंद्र येवो की न येवो, आईच्या विळीचा त्याच्याशी संबंध उरलेला नसतो. ओठ दुभंगायला आनुवंशिकता कारण असते, धूम्रपान असतं, गर्भारपणाआधीचा मधुमेह असतो, फेफऱ्यावरची काही औषधं असतात. पण असं मूल जन्मलं की घरातला पहिला प्रश्न डॉक्टरला नसतो, बाळंतिणीला असतो: "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" ओली बाळंतीण आठवायला लागते. एखादी मिरची, एखादा दोरा तिला आठवतोच. जन्मभर ती त्या मिरचीचा अपराध उरात घेऊन वावरते. बाळाचा ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो. आईच्या मनात घातलेल्या या खिळ्याला शस्त्रक्रिया नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या ५२ टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. तिच्या ताटात पालेभाजी आहे का, गूळ आहे का, लोहाच्या गोळ्या ती घेते का, हे ज्या घरात महिनोन्महिने कोणी विचारत नाही, त्या घराला ग्रहणाच्या दिवशी एकदम तिच्या पोटातल्या बाळाची काळजी वाटू लागते. आणि ती काळजी कशी व्यक्त होते? तिला उपाशी ठेवून.

बीडकडची ऊसतोड करणारी बाई पोटुशी असली तरी कोयता हातात घेऊनच फडात उभी असते. मुकादम तिला ग्रहणाची सुट्टी देत नाही. खाडा झाला तर पैसे कापतो. दिवसभर ती उसाची कांडी सपासप तोडते. ग्रहणाने ओठ फाटत असते तर एव्हाना तिथल्या तांड्या-वस्त्यांवर एक पोर धड ओठाचं उरलं नसतं. ग्रहण पाळायला आधी पगारी सुट्टी लागते, हे त्या बाईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मुलांचीही गत तीच. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं. कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपुरात त्या दिवशी अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं, ग्रहणात पुरलं की अपंगत्व जातं म्हणून. श्रद्धा आईबापांची, खड्ड्यात मूल. त्या आईबापांवर मी कोरडे ओढणार नाही. ज्यांना उपचार परवडत नाहीत आणि कोणी धड उत्तर देत नाही, ते मातीकडे वळतात. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांना सगळं माहीत आहे.

कारण आपल्याकडे हे सगळं माहीत होतं, आजचं नाही, दीड हजार वर्षांपासूनचं. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. सव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्त आला. गणिती म्हणून थोर. ग्रहणाचं त्याचं स्वतःचं गणित चंद्र आणि सावली यांवरच चालतं, त्यात राहूला काही काम नाही. तरीही राहू नाही असं म्हणणाऱ्यांना त्याने फटकारलं, कारण श्रुतिस्मृतींत राहू आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने नेमकं इथे बोट ठेवलं: हा माणूस स्वतःच्या बुद्धीशी बेइमानी करतो आहे. त्याने ब्रह्मगुप्ताला एक सवलतही दिली. सॉक्रेटिसासारखी आपली गत होईल या भीतीने तो असं बोलला असावा, असं त्याने सुचवलं.

ब्रह्मगुप्ताला निदान भीती तरी असेल. आजच्या टीव्हीवर वातानुकूलित स्टुडिओत बसून बारा राशींना ग्रहणाची बारा फळं वाटणाऱ्या महाराजांना कशाची भीती आहे? पडद्याच्या एका कोपऱ्यात ग्रहणाची स्पर्श, मध्य, मोक्ष अशी मिनिटापर्यंतची वेळ दिसत असते. ती वेळ राहूला फोन करून विचारलेली नसते. पृथ्वी आणि चंद्र यांच्या गतींचं गणित करून ती काढलेली असते. त्याच पडद्याच्या मधोमध महाराज सांगतात की राहू सूर्याला गिळतो आहे, म्हणून कर्क राशीने काळे तीळ दान करावेत. आकडा विज्ञानाचा, तीळ दुकानाचे.

आपल्याकडे या आकाशाचा सरळ मनाने अभ्यास केलेली माणसंही होती, म्हणूनच हे जास्त झोंबतं. कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पेशाने शिक्षक. १८९६ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठीत इतिहास लिहिला. जुने ग्रंथ, करणं, पंचांगं धुंडाळून कोण काय म्हणालं आणि कुठे चुकलं, हे पानापानांवर मांडलं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी पंचांगाचं गणित आकाशाशी ताडून पाहायला शिकवलं. ही परंपरा आपली. तिचे वारसदार म्हणवून घ्यायला आज पुढे कोण येतं? गुरुपुष्यामृताला सोनं घ्या म्हणणारा सराफ, आणि संक्रांत यंदा कुठल्या वाहनावर बसून कुठल्या रंगाचं लुगडं नेसून आली आहे ते वाचून तो रंग वर्ज्य करणारा व्हॉट्सॲप ग्रुप. अभ्यास कोणी करायचा आणि वारसा कोणी मिरवायचा!

आकाशाच्या नावाने वसूल केलेला खर्च एकट्या बायकांनीच भरलेला नाही. महाराष्ट्रात ग्रहण लागलं की गल्लीतून आरोळी यायची: दे दान, सुटे गिरान! ती आरोळी कोणाची? मांगांची, महारांची. राहू-केतू त्यांच्या जातीचे, म्हणून त्यांना दान दिलं की सूर्य सुटतो, अशी समजूत. वर्षभर ज्याला विहिरीवर येऊ द्यायचं नाही, त्याच्या झोळीत त्या दिवशी जुनेर आणि धान्य टाकायचं, कारण सूर्य अडकला आहे. ग्रहण सुटलं की तो परत वेशीबाहेर. आणि हाच सूर्य उरलेल्या दिवशी काय करत होता? पेशवाईतल्या पुण्यात दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत महार-मांगांना वेशीच्या आत बंदी होती, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या जातिसंस्थेवरच्या ग्रंथात आहे. कारण त्या वेळी ऊन तिरपं असतं, सावल्या लांब पडतात आणि वरच्या जातीच्या माणसाच्या अंगावर जातात. सूर्य कलला की माणूस विटाळायचा. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला तेव्हा जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याला ग्रहदशेच्या आणि ग्रहणाच्या नावाने कसं नागवलं जातं, याचा हिशेबच मांडला होता. तो हिशेब आजही थकलेला आहे.

मग शनी. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना बंद होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर चढून तेल वाहिलं. पाठोपाठ शुद्धीकरण झालं. सूर्यमालेतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा ग्रह एका मुलीच्या हातच्या तेलाने बाटला! मार्च २०१६ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवणारा कायदा नाही. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. त्यावर एका शंकराचार्यांनी बायकांनी शनीची पूजा केली तर बलात्कार वाढतील असं भाकीत केलं. बघा कसं आहे: गुन्हा पुरुष करणार, निमित्त शनी होणार, आणि दोष तेल वाहणाऱ्या बाईचा. आकाशातला कुठलाही ग्रह उचला, त्याच्या वाटेचं शेवटचं टोक कुठल्या तरी बाईच्या दारात जातं.

"पण ज्योतिष हे शास्त्र आहे, तुम्ही तपासून न बघताच बोलता," असं म्हणणारे भेटतात. तपासून बघितलेलं आहे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, यांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांनी फक्त एवढंच सांगायचं होतं: ही कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची? आयुष्याचं सार पत्रिकेत बघणाऱ्यांना याहून सोपा प्रश्न कोणता? प्रत्येकी चाळीस कुंडल्या तपासून उत्तरं पाठवली ती सत्तावीस ज्योतिषांनी. सरासरी बरोबर उत्तरं शेकडा ४६. रुपया उडवून छापा-काटा केलं असतं तर शेकडा ५० आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्यावर धंद्यातून उत्तर काय आलं? खरा जाणकार ज्योतिषी तुम्हाला भेटलाच नाही. तो कधीच भेटत नाही. तो नेहमी कोणाच्या तरी मामाच्या गावी असतो आणि पैसे घेत नाही.

चाचणी नको असेल तर निवडणूक बघा. उमेदवारी अर्ज भरायला प्रत्येक जण मुहूर्त काढून येतो. एकाच मतदारसंघात डझनभर उमेदवार, डझनभर शुभ मुहूर्त, निवडून येणार एक. बाकीच्यांतल्या बहुतेकांची अनामत जप्त. मुहूर्त काढून देणाऱ्याची दक्षिणा मात्र आजवर कधी जप्त झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि सरकार? २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिष विद्यापीठांत शिकवायचं ठरवलं. शास्त्रज्ञ न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. महाराष्ट्रात दाभोलकरांनी वर्षानुवर्षं ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी जिवाचं रान केलं, तो कायदा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आला. त्यातही वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी यांना नाव घेऊन वगळलं आहे. नंदीबैलवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तो बिचारा पायलीभर धान्यासाठी बैलाची मान हलवतो आणि "पाऊस पडेल का?" म्हणून विचारतो. पण त्याच्या बैलाच्या झुलीआड चकचकीत ऑफिसं थाटलेले, परदेशातल्या मराठी मंडळींना व्हिडिओ कॉलवर कालसर्पाची शांती लावणारेही सुखरूप बसले आहेत.

"इस्रोचे शास्त्रज्ञसुद्धा रॉकेटची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, मग?" हा शेवटचा हुकमाचा एक्का. जाऊ देत. ५ नोव्हेंबर २०१३ ला, मंगळवारी, मंगळयान निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. तिरुपतीला कोण गेलं हे महत्त्वाचं नाही; यानाची दिशा तिरुपतीला विचारून ठरली नव्हती, हे महत्त्वाचं. मंगळ कधी कुठे असेल हे त्यांनी गणिताने काढलं आणि तो तिथेच होता. त्या यानाचं कौतुक म्हणून ज्या घरांत टीव्हीपुढे टाळ्या वाजल्या, त्यांतल्या किती घरांत त्याच महिन्यात मंगळ बघून एखाद्या मुलीचं स्थळ परत गेलं असेल? एका मंगळावर आपण पोहोचलो, दुसऱ्याला अजून घाबरतो.

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. इजिप्तमध्ये लक्सरला ते सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास असणार आहे; जगभरची माणसं पदरचे पैसे खर्चून ते बघायला तिकडे जातील. आपल्याकडे त्या दिवशी आषाढी अमावास्या, तीही सोमवती, वर ग्रहण. महाराजांची दिवाळी त्या वर्षी लवकर येणार म्हणायची. तेव्हा आत्ताच सांगून ठेवते. ग्रहण पाळू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर पाळा, फक्त खर्च आपापला उचला. बाळाच्या ओठाची ज्या सासूला आणि ज्या नवऱ्याला काळजी वाटते, त्यांनी पहाटेपासून पाणी सोडावं, पाटावर ताठ बसावं, लघवीलाही उठू नये. सुनेला गरम वरणभात वाढावा आणि ग्रहण बघायचा चष्मा तिच्या हातात द्यावा. ज्या मुलाला सातव्यातल्या मंगळाने मरण येईल असं वाटतं, त्याने स्वतः जाऊन घड्याशी लग्न लावावं, सगळ्या नातेवाइकांदेखत, मुंडावळ्या बांधून, आणि फोटो ग्रुपवर टाकावेत. ज्या सासऱ्याला मूळ नक्षत्राची धास्ती आहे, त्याने आधी तंबाखूची डबी फेकावी. खर्च अंगावर आला की या महाराष्ट्रातले निम्मे ग्रह आठवड्याभरात निवळतील. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं ते बायका बघून घेतील.